चारची सभा साडेचारला

"चहा पिऊन या सावकाश, अजून अर्धा तास आहे." हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं ऐकलं, आणि त्यातली निम्मी वर्षं जिन्यात उभी राहून मीच म्हटलं. आज ते नुसतं आठवलं तरी माझं डोकं तापतं. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं आहे. गमती होत्या, त्याही सांगते. पण हा लेख मी रागावून लिहिते आहे, तेव्हा कुठे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

मी वसईतल्या एका परस्पर साहाय्य मंडळीत कारकून म्हणून लागले आणि सचिव म्हणून निवृत्त झाले. मंडळीचं नाव सांगत नाही. इथल्या बागायतदारांनी आणि भातशेतीवाल्यांनी फार पूर्वी ती काढली. कायद्याच्या भाषेत ती विमा कंपनी नव्हे, पण गावात सगळे तिला विम्याची मंडळीच म्हणत. बाहेरच्या विमा कंपनीला कोणीतरी मालक असतो आणि आपण गिऱ्हाईक असतो. आमच्याकडे गिऱ्हाईक आणि मालक एकच. प्रत्येक सभासदाने वर्षाला वर्गणी भरायची आणि कोणी झाडावरून पडला, कोणाला जनावर चावलं, कोणाचं घर जळलं, तर त्या निधीतून त्याला उभं करायचं. आज तू पडलास, उद्या मी पडेन, एवढाच त्यातला हिशेब.

आता असल्या मालकाने आपला मालकी हक्क चालवायचा कधी? रोज तर चारशे माणसं ऑफिसात येऊन बसणार नाहीत. त्यांनी संचालक निवडायचे आणि संचालकांचं काही चुकलं तर सभेत उभं राहून विचारायचं. म्हणजे सभा हीच त्यांची सत्ता, आणि सभा बोलावणारा कागद म्हणजे नोटीस. ती नोटीस काढायचं काम माझं होतं. लोकांना वाटतं नोटीस म्हणजे काय, तारीख, वेळ, ठिकाण लिहिलं की झालं. तसं असतं तर मला पगार कशाला दिला असता?

मला हे काम शिकवलं तात्यांनी. ते माझ्या आधीचे सचिव. धोतर, वर शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "सुनंदा, नोटीस टपालात टाकलीस तो दिवस मोजायचा नाही. सभेचा दिवस मोजायचा नाही. मधले पूर्ण चौदा मोजायचे. तेरा झाले तर सभा झालीच नाही असं समज." मी मान हलवली. तेव्हा माझं वय तेहतीस, मुलगी शाळेत, नवरा फोर्टमधल्या ऑफिसात, आणि बोळिंजला नवा फ्लॅट घेतलेला. माझ्या डोक्यात चौदा दिवस कुठून राहणार?

नोटिशींच्याच गमती किती सांगू? एकदा उमेळ्याचा एक जण नोटीस हातात घेऊन आला. त्याच्या वडिलांच्या नावाची होती. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, पण कोणी कळवलं नाही म्हणून नाव यादीत तसंच. तो शांतपणे म्हणाला, "बाबांना काय यायला जमणार नाय. मी आलो तर चालेल का?" मी म्हटलं, चालेल, पण हात वर करू नका. एक गृहस्थ दरवर्षी सभेला यायचे ते फक्त बटाटावड्यासाठी. वडा मागच्या वर्षीपेक्षा लहान आहे, ही तक्रार ते इतिवृत्तात नोंदवायला लावत. मी पाच-सहा वर्षं ती नोंदवलीही.

आणि एकदा मी खरंच तेरा दिवस मोजले. तात्या तेव्हा निवृत्त झाले होते. वार्षिक सभा झाली, निवडणूक झाली, अध्यक्ष पुन्हा निवडून आले, हार घातले गेले. त्यावर एक रिटायर्ड शाळामास्तर उठले, पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, टेबलावर पसरलं आणि बोट ठेवून दिवस मोजून दाखवले. सगळी सभा रद्द. अध्यक्षांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला तेव्हा मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पुन्हा नोटिसा, पुन्हा टपाल, पुन्हा वडे.

अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. मीही म्हणत असे. दिसायला अगदी साधा माणूस, पांढरा हाफ शर्ट, बोलणं गोड. त्यांच्या स्वतःच्या बागेच्या जागी कधीच इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्या प्रकारानंतर आठवड्याने ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, ते पोटनियमांचं पुस्तक जरा घरी नेतो." ज्या माणसाने बारा वर्षांत मंडळीचा एक कागद पूर्ण वाचला नव्हता, त्याने ते पुस्तक महिनाभर घरी ठेवलं. परत आलं तेव्हा त्यात पेन्सिलीच्या खुणा होत्या. मला तेव्हा बरंच वाटलं. म्हटलं, चला, अध्यक्ष नियम वाचायला लागले. मी किती बावळट होते, हे पुढे कळलं.

आता तो अर्ध्या तासाचा प्रकार सांगते, कारण सगळं त्यातच आहे. सभा चालायला किमान माणसं हजर लागतात. त्याला गणपूर्ती म्हणतात. आमच्याकडे ती पन्नासची. वार्षिक सभा चारला ठेवलेली असे, आणि चारला पन्नास माणसं कधीही येत नसत. म्हणून नियमातच सोय होती, की गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब करायची, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची, आणि त्या तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही. ही सोय अडल्या-नडल्याची. पण आमच्या लोकांनी ती रीतच करून टाकली. चारला वर कोणी येईचना. खाली टपरीवर चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, साडेचारला जिना चढायचा. चारला वर येणाऱ्याला नवखा समजत. अण्णा चारला रिकाम्या हॉलकडे बघून म्हणत, "तहकूब," आणि आम्हीही खाली चहाला जात असू. प्रत्येक नोटिशीच्या तळाला ती तहकुबीची ओळ छापलेली असे. ती मी इतक्यांदा टाइप केली, की झोपेत म्हणून दाखवली असती.

पण एक सभा अशी आहे जिला ही सवलत नाही. सभासदांपैकी एकपंचमांश लोकांनी सह्या करून मागितलेली सभा. संचालक ऐकत नाहीत तेव्हा सभासदांच्या हातात एवढंच हत्यार असतं. सह्या आल्या की संचालकांना महिन्याच्या आत सभा बोलवावीच लागते. मात्र त्या सभेला ठरल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही, तर ती तहकूब होत नाही. ती कायमची रद्द होते, आणि तोच विषय वर्षभर मागता येत नाही. तात्या म्हणायचे, ज्यांनी सभा मागितली त्यांनी निदान वेळेवर यावं, एवढीच अपेक्षा आहे त्यात. नियम वाईट नव्हता. माझ्या अख्ख्या नोकरीत तशी सभा एकदाच मागितली गेली, आणि ती मागितली लताने.

लता उमेळ्याची. माहेर जूचंद्रचं. सकाळी चाफा खुडायचा, पुड्या बांधून फुलवाल्याकडे द्यायच्या, मग घर. तिचा नवरा मनोहर आमचा सभासद, त्याचे वडीलही सभासद होते. वाटणीत भावाला आलेली अर्धी वाडी बिल्डरकडे गेली होती आणि तिथे सात मजली इमारत उभी राहिली होती. इमारतीच्या कुंपणात मनोहरच्या वडिलांनी लावलेले चार माड तसेच ठेवले होते. नारळ कोणाच्या गाडीवर पडू नयेत म्हणून सोसायटीवाले मनोहरला बोलवत. तोही जायचा. लहानपणापासून त्याच माडांवर चढलेला माणूस. एका सकाळी तो त्यातल्या एका माडावरून पडला. खुब्याचं हाड मोडलं.

पहिलं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, पण ते नीट बसलं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की खुब्याचा सांधा बदलायला हवा आणि तो चार-पाच महिन्यांत बदलला तर हा माणूस चालेल. पुढे स्नायू आखडले की काही खरं नाही. लता अर्ज घेऊन आली. मी स्वतः कागद लावून दिले. असल्याच वेळेसाठी तर मंडळी होती.

संचालकांनी अर्ज फेटाळला. कारण काय, तर नियमात 'स्वतःच्या बागायतीत काम करताना' असं लिहिलं आहे आणि तो माड आता सोसायटीचा आहे. हे अण्णांनी पेन्सिलीची खूण काढून वाचून दाखवलं. आधल्याच वर्षी त्यांचा चुलतभाऊ स्कूटरवरून घसरला होता, बाजाराच्या रस्त्यावर, दुपारी. त्याला मदत मिळाली होती, कारण स्कूटरला म्हणे फुलांची पाटी बांधलेली होती. तेव्हा पुस्तक कपाटात होतं वाटतं. मी त्या बैठकीत इतिवृत्त लिहीत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी खाली मान घालून लिहिलं, 'अर्ज नामंजूर.'

दुसऱ्या दिवशी लता माझ्या टेबलाशी उभी राहिली. रडत नव्हती. "ताई, आता कोनाकडं जाऊ? कोर्टात?" मी म्हटलं, कोर्ट राहू दे, आधी सभा माग. तिला एकपंचमांशाचा अर्थ समजावून सांगितला. ऐंशी सह्या लागतील, नव्वद तरी आण, कारण काही बाद होतील. अर्जावर विषय नेमका लिही. प्रत्येक सहीपुढे सभासद क्रमांक हवा. लताची शाळा सातवीत सुटलेली. तिने सगळं एका वहीच्या पाठच्या पानावर लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून.

अकरा दिवस ती फिरली. चाफा देऊन झाला की निघायची. उमेळं पायी, जूचंद्रला भावाच्या रिक्षातून, बोळिंजला बिल्डिंगा चढून. बोळिंजला एका सातव्या मजल्यावरच्या सभासदाने विचारलं, "मंडळी अजून चालू आहे?" वडेवाले गृहस्थ म्हणाले, अर्जात वड्याच्या आकाराचाही विषय घाला, तरच सही करतो. तिने हात जोडले, "काका, ते मी स्वतः तळून घालीन तुम्हाला, सही तेवढी करा." त्यांनी केली. बाराव्या दिवशी तिने माझ्या टेबलावर चौऱ्याण्णव सह्या ठेवल्या. मी एकेक तपासली. तीनच बाद झाल्या.

अण्णांनी अर्ज वाचला. मला वाटलं होतं चिडतील. ते हसले. "सभा मागितलीय तर घेऊ की. नियमाने घेऊ." तारीख ठरली, वेळ चारची, हॉल नेहमीचा. मी नोटिशीचा मसुदा केला. तळाची तहकुबीची ओळ या सभेला लागू नव्हती म्हणून मी काढली आणि तिच्या जागी लिहिलं, 'साडेचारपर्यंत गणपूर्ती न झाल्यास ही सभा रद्द होईल, याची सभासदांनी नोंद घ्यावी.' अण्णांनी पेन्सिल उचलली आणि ती ओळ खोडली. "हे लिहायलाच पाहिजे असं नियमात कुठाय, दाखवा." मी पुस्तक उघडलं. नव्हतं. नोटिशीत काय काय हवं याची यादी होती, त्यात ते नव्हतं. "मग नको. उगाच लोकांना घाबरवल्यासारखं होतं," ते म्हणाले. आणि मग दारापर्यंत जाऊन वळून म्हणाले, "मॅडम, तुमचं दीडच वर्ष राहिलं ना आता? सुखाने जाऊ द्या."

मी ती नोटीस तशी काढली. नियमाला धरून होती. मास्तरांनी कॅलेंडर आणलं असतं तरी त्यांना त्यात खोट सापडली नसती. तळाला नेहमीची ओळ नव्हती, पण तळाची ओळ आमच्याकडे वाचतं कोण? कोणीतरी नोटिशीचा फोटो सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली एकाने लिहिलं, 'चार म्हणजे साडेचार ना?' त्यावर पटापट अंगठे पडले. मीही त्या ग्रुपवर होते. मी ते माझ्या डोळ्यांनी वाचलं, फोन उलटा ठेवला आणि कुकर लावायला गेले.

सभेच्या दिवशी पावणेचारला मी वर टेबल मांडून बसले. चारला हॉलमध्ये एकवीस माणसं होती. सव्वाचारला एकतीस. अण्णा घड्याळ काढून टेबलावर ठेवून बसले होते. तहकूब म्हणाले नाहीत. वर बसलेल्यांपैकी कोणाला त्यात वेगळं वाटलं नाही. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने खिडकीशी गेले. खाली टपरीवर नुसती गर्दी. साठ-सत्तर माणसं तरी असतील. एवढी माणसं आमच्या कुठल्याही सभेला आली नव्हती. आणि त्यांच्यामधून लता फिरत होती, हातात किटली घेऊन. तिने त्या दिवशीचा चहा आपल्या तर्फे सांगितला होता. आपल्यासाठी लोक कामधंदा सोडून आलेत, त्यांना निदान चहा तरी पाजावा, म्हणून. ती स्वतः सभासद नव्हती, तिला सभेत बसता येणार नव्हतं. वीस वर्षं नवऱ्याकडून ऐकलेलं, सभा साडेचारला सुरू होते. तिच्या परीने ती अगदी वेळेवर होती.

त्या खिडकीतून एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. 'वर या' एवढे दोन शब्द. जिना पंधरा पायऱ्यांचा. मी मागे वळून पाहिलं, तर अण्णा माझ्याकडेच बघत होते. मी ग्लास ठेवला आणि जागेवर येऊन बसले.

साडेचार झाले तेव्हा हॉलमध्ये अडतीस माणसं होती. अण्णांनी घड्याळ हातात घेतलं, उभे राहिले आणि म्हणाले, "गणपूर्तीअभावी ही सभा नियमानुसार रद्द झाली आहे. मॅडम, नोंद करा." मी नोंद केली. जिन्यात पावलं वाजायला लागली होती. पहिला माणूस रुमालाने तोंड पुसत आत आला आणि म्हणाला, "झाली का तहकूब?"

मग आरडाओरडा झाला, व्हायचा तेवढा. अण्णांनी पुस्तक उघडून खुणेचं पान सगळ्यांना दाखवलं. ते वाचल्यावर लोक अर्ध्या तासात एकमेकांना दोष देत घरी गेले. मला अण्णांचा राग आहेच. तो मी कशाला लपवू? नियम वाचून गोरगरिबाला अडवणारा माणूस मला चोरापेक्षा वाईट वाटतो, कारण चोर निदान पावतीवर सही करायला लावत नाही. पण त्या चौऱ्याण्णव जणांचाही राग आहे. सही करायला तुम्हाला हात होते, आणि पंधरा पायऱ्या चढायला पाय नव्हते? वीस-वीस वर्षं मालक म्हणवून घेता आणि आपल्या मालकीचं पुस्तक कधी उघडून बघत नाही? आपल्याला सभा म्हणजे वडा आणि चहा. मग पुस्तक ज्याने उघडलं त्याने राज्य केलं, तर बोंब कशाला मारायची?

आणि माझा राग? त्याचं मी काय करू, मला अजून कळलेलं नाही.  त्या दिवशी लताने रिकामी किटली टपरीवर परत दिली आणि ती गेली.

वर्षभर विषय मागता येत नव्हता. पण वार्षिक सभेला कोणताही सभासद आठ दिवस आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर विषय घालू शकतो. हे मी मनोहरला घरी जाऊन सांगितलं. तो खाटेवर होता. अर्ज त्याने माझ्यासमोर लिहिला. त्या वर्षीच्या नोटिशीवर मी अण्णांना न विचारता मोठ्या ठशात छापलं, 'सभा चार वाजता सुरू होईल. चारला या.' आणि त्या ग्रुपवर रोज सकाळी तेच लिहिलं. अण्णा म्हणाले, "हे काय नवीन?" मी म्हटलं, नियमात नको असं लिहिलंय का, दाखवा. माझे तेव्हा सात महिने राहिले होते. इतकं उशिरा आलेलं शहाणपण कोणाच्या कामाचं, हा प्रश्न तुम्ही विचाराल. मीही विचारते.

चारला हॉल भरला होता. माणसं भिंतीला टेकून उभी होती. मनोहरला खुर्चीसकट चौघांनी उचलून जिन्याने वर आणलं. लता त्याच्यामागून आली. ती सभासद नाही, तिने बाहेर बसावं, असं म्हणायची त्या दिवशी कोणाची छाती झाली नाही.

मनोहरचा विषय आला. मला वाटलं, आता खडाजंगी होणार. अण्णांनी एकदा हॉलवरून नजर फिरवली, आणि स्वतःच उभे राहिले. "आपण सगळे एक कुटुंब आहोत. शब्दांवर अडून माणसाला वाऱ्यावर सोडणं आपल्या संस्कारात बसत नाही. मी स्वतः ठराव मांडतो, की मनोहरला पूर्ण मदत मिळावी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. काहींनी उठून अण्णांशी हात मिळवले.  या गावात निर्लज्जपणालाही टाळ्या मिळतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

ठराव एकमताने मंजूर झाला. मनोहर हसला नाही. सांधा बदलायची वेळ निघून गेल्याचं डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. आता बदलला तर दुखणं थांबेल, चालणं काठीशिवाय नाही, आणि माडावर चढणं तर नाहीच. टाळ्या थांबल्यावर लता उभी राहिली. अण्णांकडे तिने बघितलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, सह्या किती, नंबर कुठं लिहायचे, समदं तुम्ही मला सांगितलं. मंग साडेचारचं का नाय सांगितलं?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी समोरचं विषयपत्रिकेचं पान उलटलं. अण्णांनी घाईने म्हटलं, "पुढचा विषय घ्या." पुढचा विषय घेतला गेला.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात बसून मी इतिवृत्त लिहिलं. सभासद नसलेल्याचं बोलणं इतिवृत्तात घेत नाहीत. मी घेतलं. तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला, आणि खाली लिहिलं, 'सचिवांनी उत्तर दिले नाही.' अण्णांनी सवयीने शेवटच्या पानावर सही केली. काही महिन्यांनी मी निवृत्त झाले. नारळ, शाल, अण्णांचं भाषण, सगळं झालं.

पुढच्या वार्षिक सभेत रिवाजाप्रमाणे मागचं इतिवृत्त मोठ्याने वाचलं गेलं. मी तिथे नव्हते. मी घरी गवार मोडत बसले होते. साडेपाचच्या सुमारास लताचा फोन आला.

"ताई, मी हॉलच्या बाहेरूनच बोलतेय. आज ते वाचलं. माझं बोलणं आनि तुमचं. समद्यांनी हात वर करून मंजूर केलं."

मी म्हटलं, "बरं झालं."

"पन उत्तर नाय आलं त्यात."

आता कोणी समोर नव्हतं. घड्याळ घेऊन बसलेले अण्णा नव्हते. मी म्हटलं, "लता, मला माहीत होतं. नोटीस काढली तेव्हापासून माहीत होतं. मी खिडकीतून तुला किटली घेऊन फिरताना बघत होते. अण्णांनी नोकरीचं सुचवलं आणि मी घाबरले. दुसरं काही कारण नाही."

पलीकडे जिन्यातल्या माणसांचा आवाज येत होता.

"मी ह्यांना दोन वर्सं सांगत होते," ती म्हणाली, "की ताई इसरल्या असतील, कामाच्या गडबडीत." आणि तिने फोन ठेवला.